जुनं पाणी

समरकंदच्या यहुदी महल्ल्यात त्या काळी माशांचं वेड होतं. दर दोन-तीन घरांआड एखाद्या खिडकीत लोखंडी पट्ट्यांची, लांबी भरलेली काचेची टाकी दिसायची. तिच्यात हिरवं शेवाळं, बुडबुडे सोडणारी नळी आणि चार-सहा रंगीत मासे. टाकीशिवायच्या घरातली मुलं शेजारच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची. आणि मासा आजारी पडला की माणसं जायची अमनून न्हाव्याकडे.

अमनूनचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं, पण तिथे मासे आणायची त्याने सक्त मनाई केली होती. माशांचा दवाखाना घरी, अंगणाच्या टोकाच्या खोलीत, आणि तोही सकाळी दुकान उघडण्याआधी. त्या सकाळी पिन्हास चांभार मुरंब्याची बरणी छातीशी धरून आला तेव्हा अमनून टाक्यांच्या तळातली घाण नळीने ओढून काढत होता आणि त्याची बायको बुलोर दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला सातवा महिना लागला होता. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, अशी सुईणीची ताकीद होती.

बरणीत एकच लाल मासा होता. अंगभर पांढरे ठिपके, आणि तो बरणीच्या काचेला अंग घासत होता.

"रवा झालाय याला," अमनून म्हणाला.

"माझी बायको म्हणते, तिने काही केलं नाही."

"थंड पाणी ओतलं असेल एकदम. मासा गारठला की रवा धरतो. आता दोन-तीन दिवस पाणी हळूहळू ऊन करायचं, जाडं मीठ घालायचं, उजेड कमी. दाणे गळून पडतील. पण ते गळले की नाचायला लागू नकोस. ते तळाशी जाऊन फुटतात, आणि त्यांची पोरं पुन्हा वर येऊन मासाच शोधतात."

"एवढी सेवा मी आजारी पडलो तेव्हा कुणी केली नाही," पिन्हास म्हणाला.

"तुझ्या अंगावर रवा दिसू दे, तुलाही मिठात ठेवू. ती बरणी राहू दे इथेच. तुझ्याच्याने व्हायचं नाही."

बुलोर हसली. पण तिचं लक्ष मोठ्या टाकीकडे होतं.

ती टाकी खोलीच्या लांबीची होती आणि तिच्यातलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं. लग्नाच्या वर्षी अमनूनने ते भरलं, त्यानंतर कधी पुरतं बदललं नाही. जेवढं वाफेने उडे तेवढी वर भर घालायची, बस्स. मासे पाळणारी जुनी माणसं अशाच पाण्याला मान देत. नळाचं पाणी कच्चं, त्यात मासे भाजतात. जुनं पाणी मुरलेलं, त्यात रोग टिकत नाही. नवी टाकी लावायची तर लोक विरजण न्यावं तसं अमनूनकडून वाडगाभर पाणी घेऊन जायचे.

त्या टाकीत पतंगासारखे उभट, काळ्या पट्ट्यांचे दोन मोठे मासे होते, एक जोडी. त्यांनी दोनदा पानावर अंडी घातली होती आणि दोन्ही वेळा, दुसऱ्याच दिवशी, स्वतःच खाऊन टाकली होती. शहरात सगळे तेच म्हणत: या जातीच्या आईबापांवर भरवसा ठेवायचा नाही, अंड्यांचं पान कापायचं, बरणीत ठेवायचं, निळं औषध घालून हवा सोडायची. पिल्लं निघतात, पण आईबाप विसरतात पिल्लं कशी वाढवायची. अमनूनला ते मान्य नव्हतं. तो म्हणायचा, एक जोडी तरी स्वतःची पिल्लं स्वतः वाढवील, मी वाट बघेन.

बुलोरचीही दोन गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं जन्मून आठवडाभराने. घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. पण तिने मनाशी एक ठरवून टाकलं होतं, नवऱ्यालाही न सांगता: या माशांची या वेळची पिल्लं जगली, तर माझंही जगेल.

त्याच आठवड्यात तिची सासू, इस्ताम बीबी, वारली. सकाळची वेळ होती. चहात नान बुडवून खाता खाता तिने पेला खाली ठेवला, "जरा पडते," म्हणाली, आणि पडली ती उठलीच नाही. तिची खोली आणि माशांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती.

महल्ल्यात मरण झालं की पहिलं काम पाण्याचं. घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं. रांजण, किटल्या, सामोवार, अर्धा प्यालेला पेलासुद्धा, शेजारच्या घरांमधलंही. जीव न्यायला जो येतो, तो जाताना आपली सुरी जवळच्या पाण्यात धुतो, असं म्हणतात. ते पाणी कुणाच्या पोटात जाता कामा नये. मासे पाळणाऱ्यांनीही यावर तोड काढली होती. लांबच्या गल्लीतून दुधाच्या कॅनमधून पाणी यायचं, मासे त्यात जायचे आणि टाक्या पाटात रिकाम्या व्हायच्या. दरवेळी हे काम अमनून करायचा. आज तो दुःखाच्या रिवाजाप्रमाणे सदऱ्याचा गळा फाडून आईजवळ बसला होता.

अंगणात सिव्यो खाला उभी होती, इस्ताम बीबीची धाकटी बहीण. बाहीला पीठ, डोळे कोरडे, आणि बायकांना हुकूम सोडणं चालू.

"तो तांब्या. अगं, तो दारामागचा. फुलदाणीत काय पाणी नसतं का? ओत. बुलोर, माशांचं कोण बघणार?"

"मी बघते, खाला."

"तू बादली उचलायची नाहीस."

"पिन्हास आहे की."

पिन्हासने कॅन आणले. एकेक लहान टाकी रिकामी झाली, मासे हलवले गेले. गडबडीत त्याचा तो रव्याचा लाल मासा ठेवायला भांडं उरलं नाही, म्हणून बुलोरने बरणी मोठ्या टाकीतच पालथी केली. तीही आता रिकामी व्हायचीच होती. पण तिच्यापुरतं पाणी एका खेपेत येणं शक्य नव्हतं. पिन्हास आणखी कॅन आणायला गेला आणि बुलोर खोलीत एकटी उरली.

तिने खरंच सुरुवात केली होती. रबरी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, अमनून ओढायचा तसं. त्याला सवय होती. पाणी ओठांशी यायच्या आत तो नळी खाली सोडायचा. तिला नव्हती. तोंड भरलं, ठसका लागला आणि एक घोट गिळला गेला. पाणी कोमट होतं. त्याला चव अशी नव्हती.

नळी बादलीत सोडून ती मान वर करते तो समोर, रुंद पानावर, मादी खालून वर हळू सरकत होती. तिच्यामागे मोत्यांची ओळ उमटत होती. मग नर गेला त्याच ओळीवरून. मग पुन्हा ती.

बुलोरने नळी चिमटीत धरली.

"झालं का गं?" बाहेरून सिव्यो खालाचा आवाज आला.

बुलोरने बादलीतलं पाणी टाकीत परत ओतलं, खिडकीवर पडदा ओढला आणि ओल्या हातांनी बाहेर आली.

"झालं, खाला."

दार तिने लावून घेतलं. पिन्हास कॅन घेऊन आला तेव्हा त्यालाही तिने तेच सांगून दारातूनच वळवलं.

सुतकाचे दिवस अमनून जमिनीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून तो माशांच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बुलोर आत गेली. तो टाकीसमोर उकिडवा बसला होता. जोडी पानासमोर तरंगत होती आणि पंखांनी अंड्यांवर वारा घालत होती, आळीपाळीने.

"तू ओतलं नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

तो काचेजवळ सरकला. मग म्हणाला, "खाल्ली नाहीत त्यांनी."

"नाही."

"कुणाला सांगू नकोस."

तीन दिवसांत अंड्यांना शेपट्या फुटायला हव्या होत्या. फुटल्या नाहीत. अमनूनने हीटर थोडा वाढवला. सुतक संपलं तरी अंडी तशीच. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरा धरतो, हे महल्ल्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. यातलं एकही पांढरं पडलं नव्हतं. भिंग लावलं की प्रत्येकात दोन काळे डोळे दिसत. ते हलत. सगळे एका वेळी हलत.

अमनून दुकानात जाऊ लागला. आईच्या दुखवट्यामुळे महिनाभर त्याला स्वतःच्या दाढीला वस्तरा लावायचा नव्हता, आणि गिऱ्हाइकं त्याची फिरकी घेत. "न्हाव्या, आधी आरशात बघ, मग माझ्या गालाला हात लाव." तो हसायचा, पण घरी आला की जेवणाआधी माशांच्या खोलीत जायचा आणि बाहेर आल्यावर हसायचा नाही.

"पाणी खाली जात नाही," एकदा तो म्हणाला. "पूर्वी तांब्या तांब्या भर घालावी लागायची. आता काचेवरच्या रेघेवरच आहे."

"थंडी आहे अजून."

"बुलोर, बाहेर तुती पिकायला आल्यात."

मासे खात नव्हते. त्याने टाकलेल्या लाल किड्यांचा गोळा तळाशी तसाच वळवळत होता. कुणी त्याला तोंड लावत नव्हतं आणि तो मरतही नव्हता. एक पान देठापासून तुटलं होतं, ते हिरवंच तरंगत होतं. पिन्हासचा लाल मासाही होता. अंगावर तोच रवा, तेवढेच दाणे. दाणे गळत नव्हते, दुसऱ्या कुणा माशाला लागतही नव्हते. आणि ती जोडी वारा घालत होती. त्यांच्या पोटाच्या बाजू आत गेल्या होत्या, पंखांच्या कडा चिरल्या होत्या. तरी त्या पंखांचा ठेका चुकत नव्हता.

बुलोर दुपारी खुर्ची आत ओढून बसायची. पोटातलं बाळ पूर्वी लाथा मारायचं, कूस बदलायचं. आता ते शांत झालं होतं. फक्त एक हलकी, संथ हालचाल, थांबून थांबून. ती तळवा पोटावर ठेवायची आणि टाकीकडे बघायची. कितीदा तरी तिने ठरवलं की दोन्हीकडे एकदम लक्ष द्यायचं नाही.

वेरा पेत्रोव्ना नावाची रशियन सुईण प्रसूतिगृहात होती. दणकट, मोठ्या आवाजाची, पण हात मऊ. तिने बुलोरच्या पोटाला टेप लावला, मागचा आकडा पाहिला आणि टेप पुन्हा लावला.

"खातेस की नाही?"

"खाते."

"पोट वाढलेलं नाही." तिने लाकडी नळी लावून कान टेकला. बराच वेळ टेकला. "ठोके मात्र, काय सांगू, इतके एकसारखे मी ऐकले नाहीत. घड्याळ लावावं त्यांच्यावर. चांगलं आहे. तुझ्या मागच्या दोघांचे असे नव्हते."

बुलोर त्या शेवटच्या वाक्यावर घरापर्यंत चालत आली.

पिन्हास आपला मासा मागायला आला तो याच सुमारास. बायकोने पाठ धरली होती. "ती म्हणते, बरा झाला नसेल तर तसाच आण, मीठ आमच्याकडेही आहे."

अमनूनने टाळाटाळ केली. शेवटी जाळी घेतली. लाल मासा पळाला नाही, आपणहून जाळीत आल्यासारखा आला. अमनूनने तो स्वच्छ पाण्याच्या बरणीत सोडला.

मासा एकदा वळला. मग त्याचा रंग गेला, भिजलेल्या कागदाचा जातो तसा. कल्ले विरघळले. बरणीत पांढुरका लगदा उरला आणि खोलीत अशी घाण सुटली की पिन्हासने बाहीने नाक दाबलं.

"हा आत्ता मेला नाही," पिन्हास हळूच म्हणाला. "अमनून, हा केव्हाचा मेलेला होता."

पिन्हासने बरणी तिथेच ठेवली. जाताना त्याची नजर दाराशी उभ्या असलेल्या बुलोरवर गेली, तिच्या पोटावर गेली, आणि त्याने ती चटकन वळवली.

दिवस भरले. मग उलटून गेले. वेरा पेत्रोव्नाने थोरल्या डॉक्टरला बोलावलं. त्याने पोट दाबून पाहिलं, तारखा विचारल्या, आणि बुलोरची मोजायला चूक झाली असेल असं म्हणाला. वेराने मान हलवली. "हिची चूक नाही. मीच मोजलेत."

"मूल सातव्या महिन्याएवढंच आहे," डॉक्टर म्हणाला. "आत राहून वाढत नाही, तर बाहेर काढून वाढवू. उद्या भरती हो. काढून घेऊ."

काढून घेऊ. अमनूनच्या हातातली जाळी तिच्या डोळ्यांपुढे आली.

ती घरी न जाता सिव्यो खालाकडे गेली. खाला भट्टीशी नान थापत होती. बुलोरने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पाणी, अंडी, नळी, तो घोट. खालाच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"मला म्हणालीस, झालं."

"हो."

"तेव्हा दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या मी." तिने गोळा ठेवला, हात पुसले. "चल. जे त्या दिवशी करायचं ते आज करू. अमनून दुकानातून यायच्या आत."

"त्याने बरं होईल?"

"मला काय माहीत, पोरी? पाणी ओतायचं एवढंच मला माहीत आहे."

ऊन अंगणात उभं होतं. माशांच्या खोलीत गार वाटलं. खालाने पडदा बाजूला केला आणि पहिल्यांदाच ती टाकी नीट पाहिली. पानासमोरची जोडी पाहिली. बादली लावली.

नळी खालानेच ओढली. तोंडात आलेला थेंब ती तीनदा थुंकली.

पहिली बादली भरली. ती तिने पाटात नेऊन ओतली. टाकीतलं पाणी चार बोटं खाली आलं होतं. काही झालं नाही. बुलोरने श्वास सोडला.

दुसरी बादली भरू लागली. पानाचं टोक पाण्याबाहेर आलं.

मादी पानाला बिलगली. तिचा वरचा पंख पाण्यावर उघडा पडला, तरी ती हलवत राहिली.

अंड्यांची पहिली ओळ उघडी पडली.

"खाला," बुलोर म्हणाली.

"थांब, होतंय."

"खाला. थांबलं."

खालाने वळून पाहिलं. बुलोर दोन्ही हात पोटावर दाबून उभी होती.

"काय थांबलं?"

बुलोरने तिचा हात धरला आणि पोटावर ठेवला. पिठाचा, खरखरीत हात. खालाने सहा मुलं जन्माला घातली होती आणि त्याहून जास्त हातांवर झेलली होती. तिने बोटं फिरवली. बाजूला दाबलं. खाली दाबलं.

नळीतून पाणी पडत होतं.

खालाचा चेहरा उतरला.

तिने नळी ओढून फेकली, बादली दोन्ही हातांनी उचलली आणि टाकीत रिकामी केली. पाणी अंड्यांवरून चढलं. पान बुडालं.

दोघी उभ्या राहिल्या.

मग खालाच्या तळव्याखाली काहीतरी हललं. हलकं. पुन्हा एकदा. काचेआड मादी वारा घालत होती.

खालाने हात काढून घेतला. टाकीतलं पाणी रेघेवर होतं, अगदी रेघेवर. जशी एकही बादली पाटात गेलीच नव्हती. खाला ते बघत राहिली. मग तिने झग्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि निघाली. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी होती. तिला बोटं लावून ओठांशी नेल्याशिवाय सिव्यो खाला आयुष्यात कुठल्या दारातून गेली नव्हती. आज तिने हात वर केला नाही.

"उद्या मी येणार नाही," अंगणातून ती म्हणाली. "आणि मी इथे आले होते हे कुणाला सांगू नकोस."

सकाळी अमनूनने गाठोडं बांधलं. दुपटी, चादर, साबण, वाळवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी. रात्रभर तो झोपला नव्हता. बुलोर माशांच्या खोलीतून आली तेव्हा तिच्या हातात मोठी बरणी होती, झाकण घट्ट लावलेली. आत फिक्या चहाच्या रंगाचं पाणी.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"बाळाच्या पहिल्या आंघोळीला. वेरा पेत्रोव्नाला सांगेन, आमच्यात रीत आहे."

अमनून तिच्याकडे पाहत राहिला. तिने नजर खाली घेतली नाही.

मग त्याने बरणी तिच्या हातातून घेतली, कोटाची बटणं सोडली आणि ती आत पोटाशी धरली, थंडीत जिवंत मासे बाजारात नेताना धरायचा तशी. बाहेर कडक ऊन पडलं होतं. तरी त्याने सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली.